पाणी न दाखवता पूर

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सांगलीत बोलायला उभं राहिलं की पहिला नमस्कार नाटकाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून आपण प्रयोग बघणारी माणसं. त्यामुळं झालंय काय, की आपण सिनेमासुद्धा नाटकासारखाच बघतो. थिएटरातून बाहेर पडल्यावर बोलतो ते कामं कशी झाली, डायलॉग कसे होते, शेवट पटला का, याबद्दल. कॅमेऱ्याचा विषय निघालाच तर ‘फोटोग्राफी झक्कास’ एवढं म्हणून मोकळे. आणि ते म्हणताना डोळ्यांपुढं डोंगर, धुकं आणि सूर्यास्त असतो. या ‘झक्कास’शी मला आज जरा भांडायचंय.

नाटकात तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा नाहीतर बाल्कनीत, कुठं बघायचं हे तुमचं तुम्ही ठरवता. नायकाचं स्वगत रंगात आलेलं असताना तुम्ही मागं तांब्या घेऊन उभ्या असलेल्या गड्याकडं बघत बसलात, तर दिग्दर्शक तुमचं काही वाकडं करू शकत नाही. फार तर गड्यावरचा लाइट काढून घेईल. सिनेमात ही मुभा नाही. फ्रेमला चार कडा असतात आणि त्यांच्या बाहेरचं जग कुणीतरी तुमच्यापासून काढून घेतलेलं असतं. मग ते थोडंथोडं परत देत जायचं. कधी द्यायचं, किती द्यायचं आणि काय शेवटपर्यंत द्यायचंच नाही, यावर प्रसंग उभा राहतो. कॅमेरा, संकलन आणि कलादिग्दर्शन ही तीन खाती वेगळी दिसतात, पण तिघांचं भांडण याच एका गोष्टीवरून चाललेलं असतं.

आपल्या कृष्णेच्याच काठचं उदाहरण घ्या. वाई आणि मेणवलीचा घाट. ‘स्वदेस’मध्ये तिथं उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं, ‘गंगाजल’मध्ये बिहार, ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये तमिळनाडू. घाट तोच, नदी तीच. वाईकर या सगळ्याला इतके सरावलेत की शूटिंग चालू असलं तरी धुणं थांबत नाही. मग बिहार आला कुठून? थोडा आणलेला असतो. पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी, बायकांच्या साड्यांची नेसण, पोलिसांच्या चौकीचा रंग. पण खरं काम असतं हाकलण्याचं. लाल एसटी फ्रेममध्ये यायला नको, मराठी पाटी नको, आणि कोनात जरा चूक झाली तर मागं सह्याद्रीचा सपाट माथा दिसतो, तो तर नकोच. गंगेच्या मैदानात पठार कुठून आणणार? म्हणून कॅमेरा थोडा खाली झुकवायचा, लांब लेन्स लावायची आणि मागचं सगळं धूसर करून टाकायचं. प्रेक्षकाला वाटतं, वा, काय गाव शोधलंय!

लेन्सचा विषय आलाच आहे तर एक गैरसमज काढून टाकू. लांब लेन्स म्हणजे नुसती दुर्बीण, असं बऱ्याच जणांना वाटतं. गणपती पेठेत सकाळी दहा वाजता एका टोकाला उभे राहा आणि खूप लांबून, लांब लेन्सनं दुसऱ्या टोकाकडचं चित्र घ्या. माणसं एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी दिसतील. आता त्याच गर्दीच्या मधोमध जाऊन वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सनं घ्या. माणसामाणसांत चांगली दोन-दोन हातांची जागा दिसेल. लॉकडाऊनमध्ये ‘बाजारात तुफान गर्दी’ म्हणून छापून आलेले फोटो आठवतात ना? त्यातल्या काहींची गर्दी लेन्सनं केलेली होती. चित्रातल्या खोलीचा, म्हणजे जवळ-लांब दिसण्याचा, हा सगळा खेळ कॅमेरा किती लांब उभा आहे यावर चालतो, लेन्स नंतर फक्त हवा तेवढा तुकडा कापून देते. चेहऱ्याचंही तेच. अगदी जवळ जाऊन वाइड लेन्स लावली तर नाक पुढं येतं, कान मागं जातात आणि भला माणूस विदूषक दिसायला लागतो.

आपल्या भागातल्या लोकांनी हे फार लवकर ओळखलं होतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. रंगवलेल्या पडद्यांपुढं नट उभे करण्याऐवजी त्यांनी पुढंमागं खोली (डेप्थ) असलेले सेट बांधले, कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मधलं जे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणीत राहिलं, ते आहे अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं. मूकपट आहे, लक्षात घ्या. कुत्र्याचा आवाज नाहीच. तरी लोकांना तो ऐकू गेला. पुढं १९३४ साली शांतारामबापूंनी ‘अमृतमंथन’मध्ये टेलिफोटो लेन्सनं राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहनच्या, एका डोळ्यानं पडदा भरून टाकला. आख्खा नट बाजूला ठेवला आणि डोळा तेवढा दिला. नाटकात हे करता येतं का? पहिल्या रांगेतल्यालासुद्धा नाही.

आता मला जरा सविस्तर बोलायचंय. समजा, आपल्याला एक प्रसंग करायचा आहे. २०१९चा ऑगस्ट, गावभागातलं जुनं घर. वडील घर सोडायला तयार नाहीत, मुलगा सामान माळ्यावर चढवतोय. भिंतीवर २००५च्या पुराची रेघ आहे, अशा रेघा तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. वडील म्हणतात, “पाचच्या पुराला इथवर आलं होतं. याच्यावर येत नसतं.” इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की त्या वर्षी पाणी त्या रेघेच्या वर गेलं. वडिलांना ते माहीत नाही. प्रसंग इथंच आहे, बाकी सगळं सजावट.

कुणीही पहिल्यांदा काय सुचवेल? ड्रोन. आयर्विन पूल, चहूकडं पाणी, बुडालेली छपरं. असले शॉट आपण तेव्हा बातम्यांत इतके बघितले की आता काही वाटेनासं झालंय. आणि मुळात वरून बघतंय कोण? वडील तर खाटेवर बसलेत.

मी असं करीन. कॅमेरा वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीला, खाटेच्या बाजूला, तोंड जिन्याच्या दाराकडं. हलवायचा नाही. पाणी दाखवायचं नाही. मुलगा दारातून आत येतो, हातात तांदळाचा डबा. त्याच्या पँटचा काठ ओला, घोट्यापर्यंत. डबा ठेवून जातो. कट. तीच फ्रेम, तीच लेन्स. मुलगा येतो, पँट गुडघ्यापर्यंत ओली. काही बोलत नाही. वडील रेडिओ लावायला बघतात. कट. पुन्हा तेच दार. आता पावलांचा आवाज आधी येतो, जड, पाण्यातून उचललेल्या पावलांचा. मुलगा दारात येतो न येतो तोच आपण त्याच्यावर राहायचंच नाही, वडिलांच्या चेहऱ्यावर जायचं. ते बघताहेत, आणि त्यांची नजर मुलाच्या तोंडावर नाही, खाली आहे. कुठवर, ते आपल्याला त्यांच्या मानेवरून कळतं. मग ती नजर सावकाश भिंतीवरच्या रेघेकडं जाते.

पुराचा एक थेंब नाही दाखवला. पूर कपडेपटानं आणला, आवाजानं आणला, आणि तिसऱ्या वेळी संकलकानं मुलाची कंबर राखून ठेवली म्हणून तो खोलीत शिरला. पहिले दोन शॉट अगदी सारखे ठेवल्याशिवाय तिसरा मोडता येत नाही. दुसऱ्या खेपेलाच कॅमेरा हलवला असता, ‘जरा व्हरायटी’ म्हणून, तर सगळा डाव वाया.

बोलायला सोपं वाटतं. सेटवर मात्र प्रत्येक टेकनंतर ती पँट वाळत राहते. दिव्यांच्या उष्णतेनं तर लवकरच. मग कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का ते, बघणारी मुलगी ओल्या रेषेचा फोटो काढून ठेवते आणि कपडेपटातला माणूस स्प्रेची बाटली घेऊन पुढच्या टेकआधी पुन्हा तितकीच ओली करतो. बोटभर इकडंतिकडं झालं तर पाणी मध्येच ओसरल्यासारखं दिसेल! भिंतीवरची रेघही अशीच. नवी ओढली की नवी दिसते. तिच्यावरून चुन्याचा एक हात फिरवून तो पुसावा लागतो, मग ती चौदा वर्षं जुनी वाटते.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर ‘शोले’ आठवा. ठाकूरला हात नाहीत हे आपल्याला कळेपर्यंत बराच सिनेमा होऊन जातो. होळीच्या हल्ल्यात बंदूक पायाशी पडलेली असते आणि ठाकूर ती उचलत नाही, तेव्हा आपल्याला त्याचा राग येतो. तोवर ते गुपित सांभाळलंय कुणी? शालीनं. मग फ्लॅशबॅकमध्ये गब्बरच्या तलवारी वर जातात, खाली येतात, आणि कट होतो आजच्या ठाकुरावर. शाल सरकते. घाव कुठंही दिसत नाही. नऊ नामांकनं मिळालेल्या त्या सिनेमाला फिल्मफेअर एकच मिळालं, आणि ते संकलनाचं होतं, एम. एस. शिंदे यांना. आपण मात्र घोकले ते डायलॉग.

‘सैराट’चा शेवट तर तुम्ही सगळ्यांनीच बघितलाय. खून होताना दिसत नाहीत. आवाज जातो. लहान पोर रक्तातून चालत बाहेर येतं. त्या शेवटावर पार्श्वसंगीत चढवलं असतं तर आपण रडलो असतो आणि हलके होऊन घरी गेलो असतो. ते हलकं होणं तिथं मिळत नाही.

कट न करणं हाही एक निर्णय असतो. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाला सुटी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक मालवतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पडदा काळा होतो. आपण चपला शोधायला लागतो, आणि सिनेमा पुढं सुरू होतो. काही जणांना ते कंटाळवाणं वाटलं, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण व्यवस्थेला तुमच्या खटल्याचं सोयरसुतक नाही, हे वकिलाच्या तोंडून वदवलं असतं तर टाळी पडली असती, एवढंच.

प्रकाशाबद्दल खूप बोलण्यासारखं आहे, पण घड्याळ बघतोय, म्हणून एकच. ‘कागज के फूल’मधला तो अंधाऱ्या स्टुडिओत वरून येणारा उजेडाचा झोत. १९५९. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो दिव्यांनी केला नाही. बाहेरचं ऊन आरशांवर घेऊन आत वळवलं. सूर्य सरकतो, म्हणजे आरसेही सरकवत राहायला लागतात. काव्य नंतरचं, आधी कुणीतरी आरसा धरून उन्हात उभं असतं.

(प्रश्नोत्तरांतून)

मागून एका मुलानं विचारलंय की आम्ही मोबाइलवर शॉर्टफिल्म करतो, आमच्याकडं लेन्स नाहीत, आम्ही काय करायचं. चांगला प्रश्न आहे. पहिली गोष्ट, बोटांनी झूम करू नका, पायांनी पुढंमागं व्हा. दुसरं, मोबाइल स्वतःची अक्कल चालवतो. तुम्ही खिडकीवरून चेहऱ्याकडं वळलात की तो उजेड वाढवतो, रंगही बदलतो, आणि प्रेक्षकाला ते लगेच जाणवतं. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, लॉक करा. तिसरं, घरात ट्यूबलाइटखाली शूट करताना पडद्यावर पट्टे फिरतात ना? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. शटर सेकंदाच्या एक-पन्नासांशवर ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम, पट्टे जातील. साध्या कॅमेरा अॅपमध्ये ती सोय नसेल तर मॅन्युअल सेटिंगचं अॅप टाका, फुकटातली चालतात. आणि दोघं बोलत असतील तर कॅमेरा त्यांच्या एकाच बाजूला ठेवा. त्या दोघांना जोडणारी मनातली रेघ कॅमेऱ्यानं ओलांडली, म्हणजे लाइन क्रॉस झाली, की समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला बघायला लागतात, मग एडिटवर कितीही डोकं आपटा, ते जुळत नाही. पुढचा प्रश्न त्या ताईंचा होता ना? माइक द्या त्यांना.