जवळजवळ बसणारे सात तुकडे

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी टेट्रिसबद्दल बोलणार आहे. वरून ठोकळे पडतात, ते फिरवायचे, डावीउजवीकडे सरकवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, आणि ढीग वरपर्यंत पोचला की डाव संपतो. सगळे नियम एवढेच. कोणी तो संगणकावर खेळलं असेल, कोणी हातात मावणाऱ्या ब्रिक गेमवर, कोणी मोबाइलवर. यात गोष्ट नाही, नायक नाही, शत्रू नाही. तरीही चाळीस वर्षं माणसं हा खेळ हातातून खाली ठेवत नाहीत. असं का व्हावं, याचं मला पटलेलं उत्तर त्याच्या आकड्यांत आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण आकडे सांगता येतात.

पट दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. चार चौकोन कडेला कडा लावून जोडले, तर खाली पडताना वेगळे ठरणारे आकार सातच होतात. सरळ दांडी, चौरस, मधे टेंगूळ असलेला, दोन बाजूंना वळलेले दोन एल, आणि दोन वाकडे, पायरीसारखे. आता गंमत पाहा. ओळ दहाची आणि तुकडा चारचा. दहाला चारने नि:शेष भाग जात नाही. म्हणजे एक ओळ भरली, की तुकड्यांचे काही चौकोन वरच्या ओळीत डोकावतच राहणार. पट पुरता रिकामा व्हायचा असेल तर पडलेल्या तुकड्यांची संख्या पाचाच्या पटीत असावी लागते. एरवी कितीही हुशारीने खेळा, काहीतरी शिल्लक राहतंच.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. चौकटींचा कागद घ्या आणि हे सातही तुकडे कापा. एकूण अठ्ठावीस चौकोन झाले. चार बाय सातचा आयतही अठ्ठावीस चौकोनांचाच. हे सात तुकडे त्या आयतात बसवून पाहा. कितीही वेळ घ्या, बसणार नाहीत. कारण सोपं आहे. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखा काळापांढरा रंग द्या: चौदा काळे, चौदा पांढरे. सहा तुकडे, कुठेही ठेवले तरी, दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन झाकतात. एकटा तो मधे टेंगूळ असलेला तुकडा एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक झाकतो. त्यामुळे बेरीज पंधरा आणि तेरा होते, चौदा आणि चौदा कधीच होत नाही.

माझ्या मते या खेळाची ओढ इथे आहे. हे तुकडे एकमेकांत अगदीच न बसणारे असते तर आपण दोन मिनिटांत कंटाळलो असतो. सहज बसणारे असते तर त्याहूनही लवकर. ते जवळजवळ बसतात. राहिलेली ती एक फट डोळ्याला टोचत राहते, आणि पुढचा तुकडा ती भरेल या आशेवर आपण अजून थोडं, अजून थोडं करत खेळत राहतो.

हा खेळ घडवला अलेक्सेई पाजित्नोव यांनी, मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत असताना. १९८४ हे त्याचं जन्मवर्ष मानलं जातं. पाच-पाच चौकोनांच्या बारा तुकड्यांचं पेंटोमिनो नावाचं जुनं कोडं त्यांना आवडायचं. पाचाचे चार केल्यावर बाराचे सात झाले, आणि सात आकार माणसाच्या नजरेला एका दमात ओळखता येतात. त्यांच्यासमोरचा संगणक होता इलेक्ट्रॉनिका ६०. त्याला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले. आधी भरलेल्या ओळी तशाच राहायच्या आणि पट बघता बघता भरून जायचा. भरलेली ओळ पुसून टाकायची, ही कल्पना सुचली आणि खेळ उभा राहिला. पुढे वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाने तो आयबीएम पीसीवर आणायला मदत केली आणि तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. १९८९ मध्ये निंटेंडो या जपानी कंपनीने तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत दिला. हक्कांसाठी तेव्हा कंपन्यांमध्ये जी ओढाताण झाली ती स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. एवढंच सांगतो, की हक्क सोव्हिएत सरकारकडे होते आणि स्वतः पाजित्नोव यांना मानधन मिळू लागलं ते १९९६ पासून. हे मला आजही लागतं.

पुन्हा खेळाकडे येऊ. त्यात लोभाची एक अतिशय नेमकी योजना आहे. निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या जुन्या आवृत्तीत सुरुवातीच्या पातळीवर, म्हणजे तुकडे सर्वांत सावकाश पडत असताना, एक ओळ काढली तर ४० गुण मिळतात. चार ओळी एकदम काढल्या तर १२००. म्हणजे त्याच चार ओळी एकेक करून काढल्या तर १६०, आणि एका फटक्यात काढल्या तर साडेसातपट! पण चार ओळी एकदम काढायला फक्त उभी दांडी चालते. म्हणून खेळणारा एका कडेला एक चौकोन रुंदीची विहीर मोकळी ठेवतो, बाकी ढीग रचत जातो आणि दांडीची वाट पाहतो. ढीग वाढतोय, वेग वाढतोय, दांडी येत नाही. आता विहीर बुजवून जीव वाचवायचा, की अजून एक तुकडा थांबायचं? ज्याने हा निर्णय घाईत घेतला आहे, त्याला या खेळाची नशा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. तुकडा पडत असताना आपण तो उगाचच फिरवतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी १९९४ मध्ये नेमकं हेच मांडलं. आकार मनात फिरवून पाहण्यापेक्षा बटण दाबून पडद्यावर फिरवणं लवकर होतं, म्हणून खेळणारा विचाराचं काम बोटांवर सोपवतो. ते फिरवणं उगाच नसतं, तो विचारच असतो. चांगला खेळाडू शांत दिसतो पण त्याची बोटं सतत चाळवत असतात, त्यामागचं कारण हे.

आणि डोळे मिटल्यावरही ठोकळे पडत राहतात! रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्मृती गेलेले काही रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं, पण झोप लागता लागता पडणारे आकार त्यांच्यापैकी काहींना दिसत होते. खेळ विसरला, आकार राहिले. मला हे वाचून थक्क व्हायला झालं होतं.

हा खेळ जिंकता येतो का? ते दोन वाकडे तुकडे आठवा. तेच दोन आलटूनपालटून येत राहिले तर कोणीही, कसंही खेळलं तरी शेवटी हरतं, असं गणितात सिद्ध झालेलं आहे. तुकडे खरोखर यदृच्छेने येत असतील आणि डाव अमर्याद चालू राहिला, तर अशी लांबलचक माळ कधी ना कधी येणारच. नव्या आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीतून काढल्यासारखे येतात, सगळे संपले की पिशवी पुन्हा भरते, त्यामुळे ती आपत्ती टळते. पण वेग कुठे टळतो?

निंटेंडोच्या त्याच जुन्या आवृत्तीत २९व्या पातळीवर तुकडा वरून तळाला सेकंदाच्या साधारण एकतृतीयांश वेळात पोचतो. बटण दाबून धरलं तर तो कडेपर्यंत सरकतही नाही. ही खेळाची शेवटची भिंत, असं अनेक वर्षं मानलं जाई. मग खेळाडूंनी आधी बोट थरथरवून बटण दाबायची रीत काढली. त्यानंतर अंगठा बटणावर टेकवून, बाकीची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची रीत निघाली. भिंत कोसळली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला १३ वर्षांचा मुलगा १५७व्या पातळीवर पोचला आणि खेळच गोठला. प्रोग्रॅमला पुढे जाता येईना. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणी हे सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर खेळाडू बसले ते खेळ कुठल्या पातळीवर, कोणत्या परिस्थितीत गोठतो याचे तक्ते करायला, म्हणजे तो धोका चुकवून पुढे जाता येईल. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, गोठण्याचा दोष काढून टाकलेल्या आवृत्तीवर, एक खेळाडू २५५व्या पातळीच्या पलीकडे गेला. पातळीचा आकडा तिथून पुन्हा शून्यावर आला, ठोकळे पुन्हा सावकाश पडू लागले, आणि तो खेळत राहिला.

नमस्कार.