तोरीनोचा शनिवार: उडालेली कल्हई आणि मिठातली मासळी

(बोर्गो दोरा. फरसबंद गल्ली, जमिनीवर चादरी, चादरींवर भांडी.)

इटलीतलं तोरीनो शहर. जुन्या तटबंदीबाहेर, दोरा नदीकडे जाताना ही वस्ती लागते. दर शनिवारी इथे बालोन भरतो, म्हणजे जुना बाजार. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो तो ग्रान बालोन. त्यात पुराणवस्तूंचे व्यापारी येतात आणि भावही तसेच चढे असतात. शनिवारी मात्र चांदीच्या चमच्याशेजारी चार्जरच्या वायरींचा गुंता खुशाल पडलेला असतो.

(तांब्याचं पातेलं, आतून, जवळून.)

तांब्याचं भांडं हातात घेतलं की जाणतं गिऱ्हाईक बाहेरची चमक बघत नाही. चमक काय, लिंबू-मिठानेही येते. ते आत बघतं. आतला करडा-पांढरा थर म्हणजे कल्हई. आपल्याकडे भाता घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला लावायचा तीच, कथलाची. थरातून लालसर तांबं डोकावलं की तिथली कल्हई उडाली समजायचं. अशा भांड्यात टोमॅटो, वाईन, व्हिनेगर असं काही आंबट शिजवलं की ते कळकणार. भांडं टाकाऊ होत नाही, फक्त नव्या कल्हईचा खर्च किमतीतून वजा करून बोलायचं. तळाशी कथलाचे गोठलेले थेंब दिसले, तर ते कधीतरी रिकामंच आचेवर राहिलेलं आहे. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं.

हे खोल, लोखंडी कडीचं भांडं म्हणजे पायोलो. यात पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, शिजते. हे आतून लालच असतं, त्याला कल्हई नसतेच. पाऊण तास लाकडी दांड्याने घोटताना ती टिकली तरी असती का? तेव्हा ‘कल्हई कुठे आहे?’ म्हणून घासाघीस करायला जाऊ नये, विकणारा हसतो.

(काटा, पाठ वर.)

दांड्यावर ८०० कोरलं असेल तर हजारात आठशे भाग चांदी. ‘अल्पाका’ लिहिलेलं असेल तर तांबं, निकेल आणि जस्त. चांदी असलीच तर वरच्या मुलाम्यापुरती. मुलामा आधी झिजतो तो काट्याची पाठ टेबलावर टेकते तिथे, म्हणून नजर तिथेच टाकायची.

(खुर्चीचा पाय, लाकडाला भोकं.)

भोकं दिसली म्हणून लाकूड सोडायचं नाही. खुर्ची फरशीवर आपटायची. भोकांतून फिकट, ताजा भुसा गळला तर कीड अजून आत आहे. भोकं सरळसोट, एकसारखी असतील तर ती ड्रिलने पाडलेली, जुनेपणा आणण्यासाठी. किडा सरळ रेषेत पोखरत नाही.

अगदी स्वस्त माल विकणाऱ्या बऱ्याच चादरीवाल्यांना २०१९ मध्ये इथून दूर, विया कार्कानोला हलवण्यात आलं.

(पोर्ता पालात्सो. चौक, छत्र्यांची रांग.)

इथून पाच-दहा मिनिटं चाललं की हा अष्टकोनी चौक येतो. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्यावरच्या बाजारांत याची गणना होते. १८३५ मध्ये कॉलराच्या भीतीने शहराच्या पोटातला भाजीबाजार इथे आणला गेला. ही लोखंड-काचेची, घड्याळाची शेड १९१६ ची. तिच्या मागच्या बाजूला शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात.

(गोल डबा. मिठाचे खडे, खाली मासे.)

हा अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातला. तोरीनो ज्या पीडमाँट प्रांतात आहे, त्याला समुद्र नाही. मासा लिगुरियाच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून यायचा. माइरा खोऱ्यातले शेतकरी बर्फ पडून शेती थांबली की हातगाडीवर तो घेऊन गावोगाव हिंडायचे. मिठावरचा कर चुकवायला पिंपात खाली मीठ आणि वर मासे भरत, असं सांगतात.

घेताना मांस घट्ट आणि लालसर हवं. पिवळट, खवट वासाचं नको. घरी आणल्यावर मीठ झाडायचं आणि मासा गार पाण्यात झटपट धुवायचा. भिजत ठेवला तर त्याचा लगदा होतो. मग बोटाने उघडून मधला काटा उचलायचा आणि मासा कापडावर कोरडा करायचा. ओला तेलात पडला तर तेल अंगावर उडतं.

हा सगळा खटाटोप बान्या काउदासाठी, म्हणजे लसूण, अँकोव्ही आणि तेलाच्या गरम कालवणासाठी, ज्यात भाज्या बुडवून खातात. १२ जणांना लसणाचे १२ गड्डे, ६०० ग्रॅम अँकोव्ही, वाईनचे ६ पेले ऑलिव्ह तेल. पाकळ्यांमधला कोंब काढायचा, पातळ काप करायचे आणि मातीच्या भांड्यात, अगदी मंद आचेवर, थोड्या तेलात हलवत राहायचं. इथे फोडणीची सवय आड येते. लसूण लाल झाला की सगळंच कडू, तो पांढराच विरघळायला हवा. मग मासे, उरलेलं तेल, आणि अर्धा तास तशीच आच. तेलातून धूर निघता कामा नये.

(पांढऱ्या, वाकड्या दांड्यांची जुडी.)

त्यात बुडवून खायला हा कार्दो गोब्बो, म्हणजे कुबडा कार्दो. कार्दो ही आर्टिचोकच्या कुळातली, दांडे खायची भाजी. नित्सा मोन्फेर्रातोच्या आसपासच्या वाळूसर जमिनीत पिकतो. शरदात उभं झाड आडवं वाकवून मातीखाली गाडतात. उजेडासाठी ते वर यायची धडपड करतं, त्यात कुबड येतं. अंधारामुळे दांडे पांढरे आणि कोवळे होतात, कच्चे खाता येतात. चिरल्यावर लगेच लिंबू चोळायचं, नाहीतर काळे पडतात. सोबत कार्मान्योलाची जाड सालीची ढोबळी मिरची, कोबी, उकडलेलं बीट. शेवटी भांड्याच्या तळाशी राहिलेल्या तेलात अंडं फोडतात.

(संध्याकाळ. दुमडलेल्या छत्र्या, रिकाम्या पेट्या.)

चौक धुणाऱ्या पाण्याच्या गाड्या यायच्या आत स्वयंसेवक गाळ्यागाळ्यावरून फिरून न विकलेली भाजी गोळा करतात. डागाळलेली एकीकडे, चांगली एकीकडे. चांगली चौकातच टेबलावर मांडतात. ही फुकट, हिला तराजू लागत नाही.