पीसी हँग झाला? पॉवर बटणावरचं बोट आधी काढा

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर उघडं कॅबिनेट.)

माउस हलत नाही, गाणं एकाच सुरावर अडकून घर्रर्र करतंय, आणि तुमचं बोट पॉवर बटणाकडे निघालंय. थांबा. दहा सेकंद फक्त. बटण दाबलंत की सगळ्यात कामाचा पुरावा गेला, आणि मग दोन आठवडे अंदाजपंचे पार्ट बदलत बसायचं. मी बसलोय, म्हणून सांगतोय.

कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का ते बघा. दिवा हलतोय म्हणजे विंडोज आतून जिवंत आहे. अडकलंय ते वरचं काहीतरी: एखादा प्रोग्रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, नाहीतर डिस्क उत्तर देत नाहीये. दिवा ढिम्म असेल तर मामला खोल आहे. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, किंवा अगदी तळातला एखादा ड्रायव्हर.

दिवा हलतोय पण चित्र गोठलंय? मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन सगळं परत आलं, तर संशयित हाती लागला: ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर.

आणखी एक नमुना आहे. माउस मस्त फिरतोय, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. अर्ध्या-एक मिनिटाने मात्र क्लिक केलेलं सगळं भडाभडा एकदम उघडतं. असं झालं की मी आधी डिस्ककडे बघतो.

(स्क्रीन रेकॉर्डिंग: इव्हेंट व्ह्यूअर, सिस्टिम लॉग)

आता करा रीस्टार्ट, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, सिस्टिमचा लॉग उघडा. इथे एक लाल नोंद हमखास दिसेल: कर्नल-पॉवर ४१. ही बघून लोक थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. अहो, ती नोंद एवढंच म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. नसेलच झालं, बटण तुम्हीच दाबलंत ना! ४१ सोडा, त्याच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत काय आहे ते वाचा. १२९ किंवा १५३ म्हणजे डिस्कशी बोलणं तुटतंय. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा उभा राहिला. व्हिया-लॉगर (WHEA-Logger) असं नाव दिसलं तर खुद्द हार्डवेअरच तक्रार करतंय. आणि काहीच नसेल? तोही पुरावाच. मशीन इतकं अचानक थांबलं की लिहायला उसंत मिळाली नाही. किंवा जिच्यावर लिहायचं ती डिस्कच गायब झाली होती.

आता माझी फजिती. माझा पीसी आठवड्यातून साधारण दोनदा हँग व्हायचा. मी रॅम बदलली. चार दिवस शांतता. जिंकलो म्हणून सगळ्यांना सांगून मोकळा झालो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा घर्रर्र. मग ड्रायव्हर बदलला, पुन्हा चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. लॉग? लॉग मी उघडलेच नव्हते, खरं सांगायचं तर. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघितली, तर सीआरसी एररचा, म्हणजे डेटा वाटेत खराब झाल्याच्या चुकांचा, आकडा दर हँगनंतर वाढत होता. हा आकडा वाढला की डिस्कपेक्षा आधी तिची केबल तपासायची. दोष त्या साटा केबलमध्येच होता. केबल!

तेव्हापासून मी एक हिशोब पाळतो. दोन हँगमध्ये सरासरी जितके दिवस जातात, त्याच्या तिप्पट दिवस शांत गेल्याशिवाय 'दुरुस्त झालं' म्हणायचं नाही. आठवड्यातून दोनदा होत असेल तर साडेतीन गुणिले तीन, म्हणजे दहा-अकरा दिवस. बिघाड खरोखर कधीही उपटणारा असेल, तर तो तसाच असूनही इतके दिवस नशिबाने शांत जायची शक्यता साधारण ५ टक्के उरते. चार दिवसांवर समाधान मानलंत तर ती ३० टक्क्यांच्या वर असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

बदलायचं कुठून? जिथे खर्च नाही तिथून. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग चालू असेल तर बंद करा. रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं, पण डीडीआर५ चा मूळ प्रमाण वेग ४८०० पासून सुरू होतो. एक्सएमपी-एक्स्पोने मिळणारा वेग म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे प्रमाण वेगापेक्षा जास्त पळवणं, फक्त नाव गोंडस. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६प्लस रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी निकाल लागला. शून्य आल्या म्हणून मात्र रॅम निर्दोष सुटत नाही. एकेक स्टिक काढून बघावीच लागते.

एक चक्रावणारा प्रकार सांगतो. गेम तासन्‌तास चालतो, पण पीसी नुसता ठेवून चहा घ्यायला गेलात की परत येईपर्यंत हँग. असं उलटं कसं? प्रोसेसर रिकामा असला की गाढ झोपतो आणि जवळजवळ वीजच ओढत नाही. काही जुन्या पॉवर सप्लायना इतक्या कमी भारावर व्होल्टेज स्थिर धरता येत नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या बऱ्याच मदरबोर्डवर यासाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असतं. ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवून बघा. फुकटातला उपाय आहे.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बाकी सगळं सोडून आधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर खराब होत होते, आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड, म्हणजे बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती, दिला. पण जो आधीच बिघडलाय तो अपडेटने बरा होत नाही. त्याची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे, ती वापरा.

उष्णतेवर जास्त वेळ घालवत नाही. तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो, मग मशीन बंद होतं. नुसतं गोठणं त्यामानाने कमी. धूळ साफ करा आणि पुढे चला.

आणि विंडोज पुन्हा टाकायची घाई नको. त्याआधी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट त्याच्यावरूनच चालणारं लिनक्स, लावा, शक्य असेल तर सगळ्या डिस्कच्या केबल काढून, आणि त्यावरच काही दिवस काम करा. तिथेही हँग झाला तर विंडोज सुटलं, आणि केबल काढल्या असतील तर डिस्कही. फक्त तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्यातरी पीसीवर बनवा. माझा ९० टक्क्यांवर असताना काय झालं, ते सांगायला नकोच.