न्यूट्रिनोचा जड जोडीदार

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, पदार्थातून जवळपास सहज आरपार जाणारा सूक्ष्म कण. त्याला वस्तुमान आहे, याचा भक्कम पुरावा १९९८ साली जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दिला. हे कण प्रवासात आपला प्रकार बदलताना दिसले, आणि वस्तुमान शून्य असतं तर हे घडलंच नसतं. पण हे वस्तुमान अगदीच नगण्य आहे. इलेक्ट्रॉन मुळातच हलका, आणि न्यूट्रिनो त्याच्या दहा लाखाव्या हिश्शापेक्षाही हलका! असं का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

एक उत्तर मला फार पटतं. न्यूट्रिनोला एखादा जड जोडीदार असावा. सी-सॉवर एक बाजू खाली गेली की दुसरी वर जाते, तसा जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवून त्याचा माग काढणं चालू आहे.

तो ओळखायचा कसा? प्रतिकण म्हणजे कणाचा उलट गुणांचा जुळा. हा जड कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल, तर एकाच टकरीतून दोन म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, निघू शकतील आणि दोघांचाही विद्युतभार सारखाच असेल. दोन्ही ऋण, किंवा दोन्ही धन. सोबत एकही न्यूट्रिनो नाही. इलेक्ट्रॉन, म्युऑन, न्यूट्रिनो या कुटुंबाला लेप्टॉन म्हणतात. कण जमेला आणि प्रतिकण खर्चाला धरला, तर आजवर पाहिलेल्या प्रत्येक प्रक्रियेत लेप्टॉनांचा जमाखर्च चोख जुळलेला आहे. इथे त्यात दोनचा फरक पडेल. असं खरंच दिसलं, तर पाठ्यपुस्तकं नव्याने लिहावी लागतील.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. या कणाचं इतर कणांशी नातं फारच क्षीण असेल, तर तो जन्मताच फुटणार नाही. काही मिलिमीटर, कधी मीटरभर पुढे जाईल आणि मग त्याचे तुकडे होतील. म्हणजे टकरीच्या जागेपासून दूर, रिकाम्या जागेतूनच अचानक कणांच्या रेषा उमटलेल्या दिसतील. अडचण अशी, की प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात आणि त्यातल्या मोजक्याच घटना साठवता येतात. काय ठेवायचं, हे यंत्रणा क्षणार्धात ठरवते. अशा आडवाटेच्या रेषा ओळखायला तिला मुद्दाम शिकवावं लागतं, नाहीतर नेमकी हवी ती घटना पुसली जाते.

या कोलायडरवरच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही मोठ्या प्रयोगांना असा कण अजून सापडलेला नाही. तो कोणत्याही कोलायडरच्या आवाक्यापलीकडे जड असणंही शक्य आहे. मात्र यंत्राची सुधारित आवृत्ती सुरू झाली, की आजच्या कितीतरी पट टकरी हाती येतील, आणि क्षीण नात्याचे कण शोधायला हव्यात त्या नेमक्या याच.