दोन कंपन्यांचे भाग, एक मिकाडो

[दृश्य: टेबलावर उघडलेलं एचओ मापाचं मॉडेल इंजिन, शेजारी दुसऱ्या कंपनीचा गोल टाकीचा टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी]

दोन कंपन्यांच्या मॉडेलांचे भाग जोडून एका खऱ्या वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती करायची आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि ठरावीक आराखड्यांची इंजिनं बांधून घेतली. त्यांतलं ‘लाइट मिकाडो’, म्हणजे आठ मुख्य चाकांचं इंजिन, सर्वांत जास्त, म्हणजे ६२५ बांधलं गेलं. १९१८ मधलं पहिलं, बाल्टिमोर अँड ओहायोचं ४५०० क्रमांकाचं, आजही बाल्टिमोरच्या संग्रहालयात उभं आहे. १९२० मध्ये रेल्वे मालकांकडे परत गेल्या आणि त्यांच्या कारखान्यांनी या इंजिनांवर हात चालवला. कुणी फीडवॉटर हीटर (बॉयलरचं पाणी आधी तापवणारं यंत्र) बसवला, कुणी टेंडर बदलला. म्हणून आधी एक क्रमांक आणि एक साल पक्कं करा, त्याचा फोटो समोर ठेवा आणि मगच करवत उचला.

भाग निवडताना रुळाच्या रुंदीवर जाऊ नका. एचओ आणि ओओ ही मॉडेल रेल्वेची दोन मापं. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतात, पण एचओ १:८७ आणि ओओ १:७६. ओओची केबिन एचओच्या बॉयलरवर सुमारे १४ टक्के मोठी पडते. कॅलिपर चाकाला लावा: मिकाडोचं मुख्य चाक ६३ इंची, म्हणजे एचओमध्ये साधारण १८.४ मिलिमीटर. चाकं आणि मोटर ज्या मॉडेलची, त्याचीच राहू द्या. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे चाकांवरच्या दांड्या जोडण्याच्या खिळ्या, ९० अंशांच्या फरकाने बसवलेले असतात. एक चाक जरी सरकलं तरी दर फेरीला इंजिन अडखळतं.

[दृश्य: ड्रॉबार (इंजिन आणि टेंडर जोडणारी दांडी) जवळून, मल्टिमीटरची टोकं]

खरी गडबड टेंडरपाशी होते. जुन्या घडणीच्या मॉडेलांत इंजिन एका रुळावरून वीज घेतं, टेंडर दुसऱ्या. नव्या टेंडरची वीज घेणारी चाकं इंजिनाच्याच बाजूला आली, तर मोटर फिरतच नाही. तेव्हा टेंडरच्या दोन्ही बोग्या, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटी, उलट्या फिरवून बसवा. टेंडरची वीज वाहणारी चौकट ड्रॉबारमधून इंजिनाच्या चौकटीला टेकली, तर थेट शॉर्ट. ड्रॉबारच्या पिनवर प्लास्टिकचा बुश (छोटी नळी) घाला आणि रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटरने तपासा. मागच्या कपलरचा (डबा जोडणाऱ्या आकड्याचा) मध्य रुळापासून ९.९ मिलिमीटरवर हवा. कमी भरला, तर बोगीच्या खिळीवर पातळ फायबर वॉशर चढवा.

एलेस्को हीटर हा फीडवॉटर हीटरचा एक प्रकार, म्हणजे धुराड्यापुढे स्मोकबॉक्सवर (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या कप्प्यावर) आडवा बसणारा जाड नळकांडा. तो पितळी ओतीव तुकड्यात वेगळा मिळतो. पाइपांना डाख बाहेरच द्या, कारण प्लास्टिकचं बॉयलर उष्णतेने वाकतं. जस्ताच्या मिश्रधातूचं असेल तर ते सुमारे ३८० अंशांपासून वितळू लागतं, म्हणून तिथेही ज्योत नको, इपॉक्सी लावा. दोन इंची पाइपला ०.६ मिलिमीटरची तार पुरते. पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, भोक पाडून टोक आत खोचा. नुसतं वर चिकटवलेलं टोक हाताळताना सुटतं.

पितळ पुढे वाढलं की तोल पुढे सरकतो आणि मागची चाकं घसरतात. टेंडर काढून इंजिन गोल सळईवर तोलून बघा. तोल मधल्या दोन मुख्य चाकांच्या मध्ये यायला हवा. कमी पडेल तेवढं शिसं केबिनखाली भरा.

रंगाआधी १८ इंची त्रिज्येच्या वळणावर दोन्ही दिशांना हळू चालवा. पुढचं छोटं चाक सिलिंडरला किंवा नव्या पाइपला घासत असेल, तर कानस आत्ताच चालवा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, प्राइमरचा पातळ हात द्या. सांध्यांतल्या राहिलेल्या फटी त्यातच दिसतात.