पिकाचा पैसा सारखाच, मग बाजारपेठ एकाच गावात कशी?

नमस्कार मंडळी. आज दोन गावांबद्दल बोलायचंय, दोन्ही छोटी, दोन्ही शेतीवर जगणारी, आणि दोन्ही अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या सॅन वोकीन नावाच्या मोठ्या खोऱ्यात. एकाचं नाव आर्विन, दुसऱ्याचं डायनुबा. एवढ्या लांबच्या गावांचं आपल्याला काय असं तुम्हाला वाटेल, पण छोटं गाव कशावर उभं राहतं हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही, म्हणून म्हटलं आज निवांत यावरच बोलू.

गोष्ट १९४४ ची आहे. वॉल्टर गोल्डश्मिट नावाचा एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ, वय तिशीच्या आसपास, अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी या दोन गावांचा अभ्यास करायला गेला. अभ्यासामागे एक कायदा होता. १९०२ साली तिकडे असा कायदा झाला होता की सरकार स्वतःच्या खर्चाने धरण-कालवे बांधणार असेल तर त्या स्वस्त पाण्यावर एका मालकाची जास्तीत जास्त १६० एकर जमीन भिजेल, त्याच्या वर नाही. आता कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात सरकारचे मोठे कालवे येणार होते आणि तिथे हजारो एकरांचे मालक बसलेले, त्यांना अर्थातच ही १६० एकरांची अट नको होती. मग प्रश्न आला की अट ठेवली काय आणि काढली काय, गावाला नेमका काय फरक पडतो? जमिनीला किंवा पिकाला काय होतं हा प्रश्नच नव्हता, गावाला काय होतं हा होता, आणि असा प्रश्न सरकारी खात्याने विचारावा ही गोष्टच मला फार मोलाची वाटते.

तर गोल्डश्मिटने गावं निवडली ती मुद्दाम सारखी दिसणारी. एकच खोरं, हवामान सारखं, दोन्हीकडे पाणी देऊन केलेली बागायती शेती, आणि शेतमालाची वर्षाची एकूण किंमत दोन्हीकडे साधारण २५ लाख डॉलर. म्हणजे जमिनीतून येणारा पैसा जवळजवळ तेवढाच. फरक होता तो शेताच्या आकारात. डायनुबाकडे सरासरी शेत ५७ एकरांचं, द्राक्षं, बेदाणा, फळबागा, आणि घरचीच माणसं राबणारी. आर्विनकडे सरासरी ४९७ एकर, तिथे कापूस, बटाटा, द्राक्षं, आणि राबायला हंगामापुरते आणलेले मजूर.

आता गावात या. डायनुबात ६२ दुकानं-व्यवसाय चालत होते आणि आर्विनमध्ये ३५. किरकोळ विक्री डायनुबात वर्षाला जवळपास ४४ लाख डॉलर, आर्विनमध्ये २५ लाखांच्या थोडी वर. आणि घरगुती सामान आणि बांधकामाचं सामान यावरचा खर्च तर डायनुबात तिपटीहून जास्त. शेतातून निघालेला पैसा सारखा असताना हे कसं काय झालं?

इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. आपण नेहमी विचारतो की गावात पैसा येतो किती. पण आलेला पैसा गावात किती वेळ थांबतो, किती हातांतून फिरतो आणि मग बाहेर जातो, हे कुणी फारसं विचारत नाही. एक मोठं शेत घ्या, दोन हजार एकरांचं समजा. त्याचा मालक गावात राहतोच असं नाही, बऱ्याचदा तो मोठ्या शहरात असतो किंवा मालक म्हणजे एक कंपनीच असते. तिचं खत एकगठ्ठा कारखान्यातून येतं, ट्रॅक्टर थेट शहरातल्या डीलरकडून, दुरुस्तीला स्वतःचा मेकॅनिक, हिशेबाला स्वतःचा कारकून, कर्ज शहरातल्या बँकेचं. विक्रीचा पैसा त्याच शहरातल्या खात्यात जमा होतो. गावात उरते ती फक्त मजुरी, आणि तीही वर्षभर नाही, तोडणी असेल तेव्हा. ज्याला वर्षातले काही महिनेच काम मिळतं तो काय विकत घेणार? पोटापुरतं अन्न, अंगावरचे कपडे, गाडीत पेट्रोल. तो कपाट घेत नाही कारण कपाट ठेवायला स्वतःचं घर नाही, रंगाचा डबा घेत नाही, खिळे आणि पत्रे घेत नाही, त्यामुळे घरगुती आणि बांधकामाच्या सामानात तिपटीचा फरक दिसतो यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता तेच दोन हजार एकर पस्तीस कुटुंबांत वाटलेले आहेत असं धरा. पस्तीस घरं, पस्तीस चुली, पस्तीस नांगर, आणि नांगराचा फाळ तर सगळ्यांचाच झिजतो. प्रत्येकाला स्वतःचा मेकॅनिक परवडत नाही म्हणून गावात एक गॅरेज चालतं. प्रत्येकाला थोडं थोडं खत लागतं, थोडी उधारी लागते, म्हणून खताचा दुकानदार टिकतो आणि तो उधारी देतो कारण माणूस ओळखीचा आहे, पुढच्या वर्षीही इथेच असणार आहे. गॅरेजवाल्याची मुलं शाळेत जातात, तो न्हाव्याकडे जातो, न्हावी कापडाच्या दुकानात जातो, कापडवाला फर्निचरवाल्याकडे, आणि असा एकच डॉलर गावातल्या गावात चार-पाच घरं फिरून येतो. प्रत्येक धंद्याला जगायला अमुक इतकी गिऱ्हाइकं लागतातच, किराण्याला थोडकी पुरतात, फर्निचरच्या दुकानाला बरीच लागतात, डॉक्टरला आणि दवाखान्याला त्याहून जास्त. १९३३ मध्ये वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून हेच मांडलं होतं, की गाव म्हणजे आजूबाजूच्या शिवाराला सेवा पुरवणारं ठिकाण, आणि गिऱ्हाइकांचा आकडा ठराविक हद्दीच्या खाली गेला की ती सेवा गावातून उठते आणि लांबच्या मोठ्या गावात जाऊन बसते. एकदा उठली की मग लोक त्या सेवेसाठी मोठ्या गावात जातात आणि जाता जाता किराणाही तिथूनच आणतात, म्हणजे मागे उरलेलं दुकानही ढिलं पडतं. हे मला फार वाईट वाटतं, कारण ज्याचं दुकान बंद पडतं त्याची चूक काहीच नसते.

बरं, हे झालं दुकानांचं. पण गोल्डश्मिट फक्त दुकानं मोजून थांबला नाही. त्याने रस्ते बघितले, फुटपाथ बघितले, सांडपाण्याची सोय बघितली, सगळ्यांत डायनुबा पुढे. डायनुबात चार प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल, आर्विनमध्ये एकच प्राथमिक शाळा आणि हायस्कूल नाहीच. डायनुबात तीन बागा, दोन वर्तमानपत्रं. आर्विनमध्ये एक वर्तमानपत्र, आणि मुलांना खेळायला एक मैदान, तेही एका कंपनीने वापरायला दिलेलं. गावातल्या संस्था, मंडळं, क्लब वगैरे डायनुबात आर्विनच्या दुपटीहून जास्त.

हायस्कूलचं जरा बघा. हायस्कूल नाही म्हणजे चौदा वर्षांचं पोर रोज बाहेरगावी जाणार किंवा शाळा सोडून शेतावर जाणार. शिवाय जिथे हायस्कूल आहे तिथे दहा-पंधरा शिक्षक राहतात, त्यांना महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळतो, पाऊस पडो न पडो, द्राक्षाला भाव असो नसो. छोट्या गावात असा बांधलेला पगार फार मोठा आधार असतो. शिक्षक, पोस्टातला माणूस, नर्स, नगरपालिकेचा कर्मचारी, हे लोक वाईट वर्षातही किराण्याचं बिल चुकतं करतात आणि त्यांच्यामुळे दुकानदार शेतकऱ्याला उधारी देऊ शकतो. सरकारी नोकरी म्हणजे नुसता खर्च असं म्हणणाऱ्यांनी एकदा छोट्या गावात वाईट हंगामात राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. डायनुबाला स्वतःचं नगर प्रशासन होतं, १९०६ पासून. आर्विनला ते मिळालं १९६० साली. म्हणजे गोल्डश्मिट तिथे गेला तेव्हा आर्विनमध्ये दिवा कुठे लावायचा, गटार कुठून न्यायचं हे ठरवायला गावातलं कुणीच नव्हतं, ते काउंटीचे अधिकारी ठरवायचे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा म्हणू तशी ती व्यवस्था. मग गाव सभा कशासाठी घेणार? आणि सभेला यायला माणसं तरी कुठली? डायनुबात कमावत्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त स्वतःची शेती, धंदा किंवा ऑफिसातली नोकरी करणारे होते. आर्विनमध्ये तसे लोक पाचात एक सुद्धा नव्हते, जवळपास दोन तृतीयांश लोक शेतमजूर. जो माणूस दोन महिन्यांनी दुसऱ्या खोऱ्यात तोडणीला जाणार आहे तो इथल्या रस्त्यासाठी भांडायला वेळ कधी काढणार, आणि भांडलाच तर ज्याच्याशी भांडायचं तोच त्याला काम देणारा.

इथे एक गैरसमज नको. आर्विनची माणसं आळशी होती किंवा त्यांना गावाचं प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. त्यातले कितीतरी जण १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी घर सोडून ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतून आलेले होते, आर्विनजवळच सरकारने त्यांच्यासाठी छावणी उभारली होती आणि त्या छावणीत लोकांनी स्वतःच्या कमिट्या निवडून कारभार चालवला. म्हणजे त्याच कष्टकऱ्यांच्या हातात कारभार दिला तर त्यांनी तो करून दाखवला. गावात त्यांच्या हातात काही दिलंच गेलं नाही.

आता या अभ्यासावर आक्षेपही आले, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. १९८४ मध्ये मायकल हेज आणि अॅलन ओल्मस्टेड या दोघांनी लिहिलं की ही गावं गोल्डश्मिटला वाटली तितकी सारखी नव्हती. डायनुबा जुनं, १८८८ च्या सुमाराचं रेल्वेवर वसलेलं गाव, आर्विन त्या मानाने नवखं आणि बेकर्सफील्डसारख्या मोठ्या शहराच्या जवळ, त्यामुळे लोक खरेदीला तिकडे जाणारच. शिवाय डायनुबाला नदीचं पाणी पाटाने यायचं, आर्विनला खोल विहिरींतून पंपाने उपसावं लागायचं, आणि खोल विहीर, मोठा पंप हा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. मला हे आक्षेप पटतात. शहर जवळ असलं की छोट्या गावाची बाजारपेठ पातळ होते हे उघड आहे. पण नीट बघितलं तर हे आक्षेप प्रश्न आणखी खोल नेतात, कारण पंपाच्या खर्चामुळे लहान माणूस टिकू शकला नाही असं म्हटलं की पाणी कुणाला किती आणि कुठल्या अटीवर मिळतं हाच मुद्दा परत समोर येतो, आणि १६० एकरांची अट नेमकी त्याबद्दलच होती. हायस्कूल आणि नगर प्रशासन नसण्याचा सगळा दोष शेजारच्या शहरावर टाकता येईल असंही मला वाटत नाही.

यावर खात्रीचं उत्तर मिळवायचा एकच रस्ता होता, दोनावर न थांबता खोऱ्यातली बाकीची गावंही मोजायची. गोल्डश्मिटने नेमकं तेच ठरवलं होतं, अभ्यासाचा दुसरा भाग तोच होता. पण पहिल्या भागाची कुणकुण लागताच मोठ्या जमीनदारांकडून इतका विरोध झाला की खात्याने दुसरा भाग सुरू होण्याआधीच थांबवला. पहिला भागही खात्याने स्वतः छापला नाही, १९४६ मध्ये अमेरिकन सिनेटच्या लघुउद्योगांसाठी असलेल्या समितीने तो छापला तेव्हा कुठे तो लोकांपर्यंत गेला. छोट्या धंद्यांसाठीच्या समितीने शेतीचा अहवाल छापावा यात सगळं आलं, कारण मोठ्या शेतांमुळे ज्यांची गिऱ्हाइकं जातात ते हेच छोटे दुकानदार.

गोल्डश्मिट पुढे प्राध्यापक झाला आणि २०१० मध्ये गेला, सत्त्याण्णव वर्षांचं आयुष्य. १९७२ मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी, तो परत सिनेटच्या समितीपुढे याच दोन गावांबद्दल बोलायला उभा राहिला. तोपर्यंत डायनुबा आणि आर्विन ही नावं शेती आणि गावं यांवर काम करणाऱ्या लोकांना पाठ झाली होती.

आज इतकंच. नमस्कार.