पिसं ठेवली, पक्षी सोडला

(धुक्यातला उतार. बांबूच्या पानांवरून ठिबकणारं पाणी.)

सकाळचे साडेपाच. अरुणाचलात एरवी या वेळेला लख्ख उजाडलेलं असतं, पण लामा कॅम्पखालचा हा उतार अजून जागा व्हायचाय. समुद्रसपाटीपासून दोन हजारांहून अधिक मीटर. पाऊस थांबला तरी इथली झाडं गळत राहतात. फांदीवरचं शेवाळ पिळलं तर ओंजळभर पाणी निघेल.

आणि ही झाडी बघा. महावृक्ष नाहीत, ओढ्याकाठची झुडपं आहेत, ठेंगणी झाडं, बांबूची बेटं. ईगलनेस्ट अभयारण्याला येणारे बरेच जण कॅमेरे सावरत इथून पुढे निघून जातात.

(शीळ.)

बासरीसारखी, खाली उतरत जाणारी.

(पक्षी, जवळून.)

हा बुगुन लिओसिक्ला. चोचीपासून शेपटीपर्यंत २२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या साळुंकीएवढा. अंग राखट-हिरवं, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे हळदीचं बोट लागल्यासारखा नारिंगी-पिवळा ठिपका. आता पंख बघा... पिवळा, लाल, पांढरा. शेपटी काळी, पण टोकाला फुंकर घातलेल्या निखाऱ्याची लाली. इतका नटलेला पक्षी २००६ पर्यंत शास्त्राच्या वहीत नव्हता, हे पटायला जड जातं.

रमणा अथ्रेय पेशानं खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळ शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्या प्रचंड रेडिओ तबकड्या ज्या पुण्याच्या संस्थेच्या, तेव्हा तिथले. १९९५ मध्ये त्यांना या भागात हा पक्षी दिसला, पण कुठल्याच पुस्तकात जुळेना. पुन्हा गाठ पडली ती दहा वर्षांनी, २००५ मध्ये.

(मोकळं आभाळ. मग पिसाचं जवळून दृश्य.)

नवी जात जाहीर करायची तर रिवाज ठरलेला: पक्षी मारायचा, कातडीत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधून संग्रहालयाच्या खणात ठेवायचा. इथे तसं झालं नाही. ठाऊक असलेले पक्षी होते अवघे चौदा! पक्षी जाळ्यात धरला, मापं घेतली, फोटो काढले, पिसं ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिलं. पुरावा म्हणून पिसं, फोटो आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण.

कातडीशिवाय केलेलं वर्णन काहींना खटकतं, आणि त्याला कारणही आहे. सोमालियातला एक खाटीक पक्षी १९९१ मध्ये असाच, जिवंत सोडून, नवी जात म्हणून जाहीर झाला होता. २००८ मध्ये डीएनए तपासल्यावर तो जुन्याच जातीचा वेगळ्या रंगाचा पक्षी निघाला. पण लिओसिक्लाच्या बाबतीत तसा घोळ नाही. याचा सख्खा म्हणावा असा भाऊबंद आहे चीनच्या सिचुआनमध्ये, एमेई पर्वतावर. मध्ये हजारएक किलोमीटर डोंगर.

(गावाकडची पायवाट. गस्तीवरची पोरं.)

नाव मात्र शोधणाऱ्याचं लागलं नाही, साहेबाचंही नाही. लिओसिक्ला बुगुनोरम, म्हणजे इथल्या बुगुन जमातीच्या लोकांचा. आणि ते नुसतं मानापुरतं नाही. हा पक्षी ज्या पट्ट्यात सापडला, त्यातला बराचसा भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बुगुनांच्या सामूहिक जंगलात येतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ईशान्येतली लाकूडतोड थांबली, तसं इथल्या जंगलातून येणारं उत्पन्नही आटलं. तरी २०१७ मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुनांनी आपल्या १७ चौरस किलोमीटर जंगलाचं सामुदायिक राखीव क्षेत्र केलं. गस्त घालतात ती गावातलीच मुलं. यांना मार्गदर्शक म्हणायची पद्धत आहे. खरं तर यजमान म्हणायला हवं.

(रस्ता. ट्रक.)

रस्ते, वणवे, तोड. आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

(पुन्हा झुडूप. फांदी हलते, पक्षी दिसत नाही.)

थंडीत तो इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात मिसळतो. पुढे चिवचिवणारा घोळका, मागे झुडपात हा. थवा पुढे सरकला की हाही गेला.

(गस्तीवरच्या मुलाचा हात. ओली वही.)

मुलगा खिशातून वही काढतो, पेन्सिल जिभेला लावतो. सहा दहा. दोन. ओढ्याच्या वर, बांबूत.

(शीळ. यावेळी पलीकडच्या काठावरून.)

तो वही मिटत नाही.